येतेबाई

त्या गावात मला माझ्या नावाने कुणी कधी हाक मारलीच नाही. तिथे मी 'येतेबाई' होते, आणि हे नाव मी स्वतःच्या जिभेने कमावलं होतं.

झालं असं, की एकतीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याची भिंगं घासून मी निवृत्त झाले. आता घरी बसून जावेच्या गुडघ्यांची गाऱ्हाणी ऐकायची, की परदेशातल्या एका खेडेगावात दोन वर्षं बिनपगारी चष्मे करायचे, असे दोन पर्याय समोर होते. मी चष्मे निवडले. जाऊ म्हणाली, "या वयात लोक देवदर्शनाला जातात." मुलगा म्हणाला, "आई, तुला तिथली भाषा तरी येते का?" येत नव्हती. पाठवणाऱ्या संस्थेने सहा आठवडे शिकवली, तेवढ्या शिदोरीवर मी विमानात बसले.

राहायला खोली मिळाली ती पोस्टमावशींच्या घरात. मावशी पस्तीस वर्षं गावातल्या पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या. सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र अजून चार गल्ल्या ओलांडणारा. पहिल्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले. चपला घातल्या, पिशवी घेतली, आणि आपण सगळ्या म्हणतो तेच मनातल्या मनात भाषांतर करून त्यांच्या भाषेत म्हणाले, "मावशी, येते हं."

आणि निघून गेले.

त्यांच्या भाषेत येते म्हणजे येते. जाणारं माणूस तिथे सरळ 'जाते' म्हणतं आणि जातं, त्यात कुणाला काही वाटत नाही. मावशींना वाटलं, बाई काहीतरी विसरली असेल, आत्ता परत येईल. म्हणून त्या दार उघडं धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यांनी माझी पिशवीच धरली.

"पोरी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? येते म्हणतेस आणि उलट्या दिशेला चालू लागतेस. मी किती वेळ दारात उभं राहायचं? घरात माश्या झाल्या माझ्या."

साठीला टेकलेल्या बाईला कुणी पोरी म्हटलं की बरंच वाटतं. मी त्यांना समजावलं. आमच्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. आमच्याकडे 'गेला' म्हणजे वारला. म्हणून निघणारं माणूस 'येते' म्हणतं.

मावशींनी विचार केला. "म्हणजे तुमच्याकडे कुणी जातच नाही?"

"जातात की. पण येते म्हणून."

मावशी इतक्या हसल्या, की कवळी हातात काढून घ्यावी लागली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली आणि माझं बारसं झालं. नंतर मी 'जाते' म्हणायचा प्रयत्न करून पाहिला, नाही असं नाही. पण तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. लहानपणी एकदा शाळेला निघताना मी "जाते गं" म्हणाले, तर आईने दंडाला धरून मला परत आत आणलं, पाटावर बसवलं आणि म्हणाली, "जातं आहे ते त्या कोपऱ्यात. दळायला बस. नसेल बसायचं तर नीट बोल." पन्नास वर्षांत ते दळण काही डोक्यातून गेलं नाही. तेव्हा मी आपली येतेच म्हणत राहिले, आणि गावाला त्याची गंमत वाटत राहिली.

चष्म्याची खोली आरोग्यकेंद्राच्या रस्त्याकडच्या अंगाला होती. आधी तिथे मोडक्या खाटा आणि स्ट्रेचर ठेवत. उत्तरेला एक मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर भिंग घासायचं यंत्र. त्याच्या दगडावर पाण्याची बारीक धार पडत असे, तिचा आवाज दिवसभर. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. ती भिंत जरा डावीकडे झुकलेली होती, म्हणून तक्ता सरळ लावला की वाकडा दिसायचा आणि वाकडा लावला की सरळ. भिंत गावातल्या गवंड्याने बांधलेली. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्याच, आणि त्या सगळ्या डावीकडे झुकलेल्या.

तिथे मी पहिला चष्मा केला तो शिंपिणीचा. वय बेचाळीस, हात सोन्याचे, जीभ कात्रीची. चाळिशी लागली आणि तिला सुईचं नाक दिसेनासं झालं. चष्मा मिळायचा तो चार तासांवरच्या शहरात, तिथे कोण जातंय! मग तिने एक युक्ती काढली होती. सकाळी नऊची बस आरोग्यकेंद्रासमोर दहा मिनिटं थांबायची. तेवढ्यात ही बाई वीस सुया आणि दोऱ्याचं रीळ घेऊन ड्रायव्हरच्या खिडकीपाशी उभी राहायची, आणि तो बिचारा तिला दिवसभराच्या सुया ओवून द्यायचा. चष्मा लागला त्या दिवशी तिने भर रस्त्यात त्याच्या नाकासमोर एका झटक्यात सुई ओवून दाखवली. गाव टाळ्या वाजवत होतं, ड्रायव्हरचं तोंड मात्र दगड लागल्यासारखं झालं.

"तुम्ही माझी नोकरी घालवलीत, येतेबाई," तो मला म्हणाला. त्यानंतर शिंपिणीच्या आठ सुया त्याच्या बसच्या काचेपाशी टाचण्या खोवायच्या गादीत तशाच ओवलेल्या राहिल्या. त्या त्याने कधी परत केल्या नाहीत, तिने कधी मागितल्या नाहीत. यावर गावाची मतं होती, पण ती इथे नकोत.

दोन वर्षं कशी सरली कळलं नाही. शेवटचे तीन महिने राहिले तेव्हा संस्थेचं पत्र आलं. तुमची मुदत संपत आहे. तीन महिन्यांत गावातलं कुणी तयार होऊन आमची परीक्षा पास झालं, तर खोली आणि यंत्र गावात राहील. नाही झालं, तर यंत्र दुसऱ्या गावाला जाईल. माझ्याबद्दलही एक ओळ होती: साठ वर्षांनंतर संस्था कुणाला परत पाठवत नाही. माझी साठी परतीच्या विमानानंतर अकरा दिवसांनी होती.

मी आरोग्यकेंद्राच्या दारावर कागद लावला. चष्मे करायला शिका, वर्ग रोज दुपारी चार वाजता. आठ जणांनी नावं दिली. पहिल्या दिवशी दोघंजण आले. त्यातला एक दांडीचा स्क्रू आवळून घ्यायला आला होता, तो आवळला तसा उठून गेला.

उरली शिंपीण.

बाकीच्यांना मी रस्त्यात गाठून विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर. गवंडी म्हणाला, "कशाला घाई? तुम्ही जाऊन याल, मग शिकू." बेकरीवाली म्हणाली, "तुम्ही आहात की." मी म्हणाले, अहो, मी चालले, तीन महिन्यांनी मी नाही. ती हसली, माझ्या हातात पाव ठेवला. मी पिशवीत टाकला आणि सवयीने म्हणाले, "बरंय, येते."

"बघा!" ती म्हणाली.

शिंपीण रोज चारला यायची, पण शिकायला येत होती की गप्पांना, देव जाणे. भिंग कापायचं, घासायचं, फ्रेममध्ये बसवायचं, हे तिला आठवड्यात जमलं. मला जमायला वर्ष लागलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही, आधीच तिचं डोकं आभाळात. अडायचं ते तिरप्या नंबरापाशी. साधं भिंग कसंही फिरवून बसवलं तरी चालतं. तिरप्या नंबराच्या भिंगाला मात्र दिशा असते. ते पाच अंश जरी फिरलं तरी माणसाला दाराची चौकट कललेली दिसते. त्याचं गणित आहे, खुणा आहेत, आणि तिथे आलं की शिंपीण भिंग माझ्यापुढे सरकवायची.

"हे तुम्ही करा."

"मी गेल्यावर कोण करणार?"

"तुम्ही आल्यावर तुम्ही."

परीक्षेचा फॉर्म टेबलावर पडून होता. आधी तिने त्यावर चहाचा कप ठेवला, मग मागच्या बाजूला कुणाच्या तरी बाह्यांची मापं लिहिली. मी ओरडले. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. तसं बघायला मीच तिला शिकवलं होतं.

"ताई, एक विचारू? तोंडाने म्हणता, मी जाणार. आणि रोज साडेपाचला दारात उभं राहून म्हणता, येते. मी कुठलं खरं धरायचं?"

"ती नुसती बोलायची पद्धत आहे."

"मग जाणार ही पण पद्धतच असेल," ती म्हणाली आणि कात्री उचलून गेली. दारातून मोठ्याने, ठसक्यात, "जाते!"

पालथ्या घड्यावर पाणी. सहा आठवडे असे गेले आणि सहाच उरले.

त्या रविवारी मी पोस्टमावशींपाशी रडगाणं लावलं. गावाला किंमत नाही, लोक आळशी आहेत, शिंपीण हुशार आहे पण बेफिकीर. मावशी खुर्चीत बसून जुनी पाकिटं फाडत होत्या, मागच्या कोऱ्या बाजूवर त्या यादी लिहितात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फसवतेयस तू तिला."

"मी?"

"तू. मी पस्तीस वर्षं खिडकीत बसले. माणसं रोज यायची. माझं पत्र आलं का, मुलाचं आलं का, त्याचं आलं का. सुरुवातीला मी म्हणायचे, येईल हो, उद्या येईल. मला वाटायचं मी चांगली बाई आहे. एक म्हातारा अडीच वर्षं रोज येत होता. मग मी शिकले. येणार नसेल तर सांगायचं, येणार नाही. माणूस तिथेच रडायचं. पण दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभं राहायचं नाही, आपल्या कामाला लागायचं."

"पण मी सांगितलंय ना, तीन महिन्यांनी..."

"तारीख सांगितलीस. तारीख कुणीही सांगतं." मावशींनी एक पाकीट उलगडून मांडीवर सपाट केलं. "तुला स्वतःलाच जायचं नाहीये, पोरी. म्हणून तो शब्द तुझ्या तोंडातून निघत नाही. उगाच आईच्या नावावर खपवू नकोस."

कान उपटल्यासारखे लाल झाले माझे. कारण खरं होतं. मला जायचं नव्हतं. घरी नातवंडं होती, चौऱ्याऐंशी वर्षांची आई होती, सगळी माझी वाट पाहत होती. पण त्या पाण्याच्या धारेचा आवाज, तो वाकडा तक्ता, ती कात्रीसारखी जीभ, यांतलं काही मला सोडवत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी ते स्वतःशी मान्य केलं, आणि मावशींच्या स्वयंपाकघरात बसून भडभडून रडले. मावशींनी फाडलेलं एक पाकीट नाक पुसायला दिलं. ते फार टोचतं.

सोमवारी सकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर मी सराव केला. जाते. जाते. जाते. एवढी मोठी बाई, आणि प्रत्येक वेळी दंडाला कुणीतरी धरेल असं वाटत होतं.

साडेपाच वाजले. शिंपीण यंत्रापाशी एक भिंग घासत होती. मी पिशवी घेतली, दाराशी गेले, आणि त्यांच्या भाषेत स्पष्ट म्हणाले, "जाते."

यंत्राचा आवाज बदलला. भिंग तिच्या बोटांतून निसटलं, दगडावर आपटलं आणि कोपऱ्यात जाऊन पडलं.

"काय म्हणालात?"

"जाते. सहा आठवड्यांनी. आणि परत येणार नाही. मला परत पाठवणार नाहीत, आणि स्वतःहून यायला मला जमणार नाही. मी दोन वर्षं येते म्हणत राहिले, ती माझी चूक. मी येणार नाहीये."

 तिने वाकून भिंग उचललं, त्याचा टवका उडाला होता, ते कचऱ्यात टाकलं. यंत्र बंद केलं, पाणी बंद केलं, रुमालाने टेबल पुसलं आणि माझ्या अंगावरून निघून गेली. त्या दिवशी 'जाते' म्हणाली नाही.

तीन दिवस ती फिरकली नाही. मी रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूला जायची. बेकरीवालीने पाव देताना विचारलं, "काय केलंत तिला?" मी म्हणाले, खरं बोलले. ती म्हणाली, "कशाला?" गाव नेहमी योग्य प्रश्न विचारतं.

चौथ्या दिवशी दुपारी चारला दार धाडकन उघडलं. शिंपीण आली आणि फॉर्म टेबलावर आपटला. भरलेला होता. अक्षरं इतकी दाबून काढलेली की कागद मागून फुगला होता, बाह्यांची मापं त्यावर उलटी उमटली होती.

"बस," ती म्हणाली. "तो तिरपा नंबर पुन्हा सांग. पहिल्यापासून. आणि नेहमीसारखं घाईघाईत नको."

त्या दिवशी तिने मला 'तुम्ही' म्हणायचं सोडलं, ते सोडलंच.

पुढचे पाच आठवडे तिने मला यंत्राला हात लावू दिला नाही. "जाणारी बाई, बाजूला हो." "जाणाऱ्या बाईने मध्ये बोलू नये." गावानेही नाव बदललं, मी आता जातेबाई झाले. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने मला खरंच दळायला बसवलं असतं. मी चूक दाखवली की शिंपीण माझ्यावरच खेकसायची. एकदा सलग चार भिंगं तिने फिरवून बसवली आणि चौथ्यानंतर डोकं टेबलावर टेकून म्हणाली, "मला नाही जमणार. त्यांना यंत्र नेऊ दे." मी म्हणाले, "बरं, मग ड्रायव्हरला सांग, सुया पुन्हा ओवायला लाग." तिने पाचवं भिंग उचललं.

परीक्षेला संस्थेच्या मोठ्या बाई आल्या. उंच, घामाघूम झालेल्या, बसच्या प्रवासाने वैतागलेल्या. त्यांनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, एक शब्द बोलायचा नाही. परीक्षा अशी: येईल त्या एका माणसाचे डोळे तपासायचे, नंबर काढायचा आणि त्याच बैठकीत चष्मा करून द्यायचा. बाहेर बाकावर पहिला बसला होता तो गवंडी. मी मनात म्हणाले, मेले. त्याच्या भिंती पाहून मला दोन वर्षं संशय होता, की या माणसाचा नंबर तिरपा आहे. पण तो कधी डोळे तपासायला आला नव्हता. त्याच्या मते त्याचे डोळे उत्तम होते, जमीन उतरती होती. आजही तो परीक्षेची गंमत बघायलाच येऊन बसला होता.

शिंपिणीने त्याला खुर्चीत बसवलं, भिंगं बदलत बदलत नंबर काढला. तिरपा निघाला, आणि चांगलाच. तिने कागदावर आकडे लिहिले, मग डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहिलं: त्रेसष्ट मिलिमीटर. भिंग उचलायला वळली.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाहुल्यांमधलं अंतर मोजा."

"मोजलं."

"कशाने?"

"बघून."

मी स्टुलावर डोळे मिटले. शंभर वेळा सांगितलं होतं, पट्टी लाव, पट्टी लाव. पण ज्या बाईने वीस वर्षं रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या खांद्याचं माप नजरेने घेतलं, तिला पट्टी म्हणजे अपमान वाटत असे. मोठ्या बाईंनी स्वतःची पट्टी काढली, गवंड्याच्या नाकावर टेकवली, वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या. "तरी पाच गुण जातील. नियम म्हणजे नियम."

"जाऊ देत," शिंपीण म्हणाली. "तुमचं एकसष्ट आहे. पण चष्मा ज्याने केलाय, त्याने पासष्ट धरलंय. दुपारनंतर डोकं दुखत असेल."

 मोठ्या बाईंनी चष्मा काढला, नाकाच्या दोन्ही बाजू चोळल्या. "बसमुळे दुखतं," त्या म्हणाल्या, आणि काहीतरी लिहिलं.

एक भिंग फुटलं. दुसरं नीट बसलं. शिंपिणीने गवंड्याच्या नाकावर चष्मा चढवला, दांड्या कानामागे वाकवल्या, आणि त्याला तक्त्याकडे तोंड करून उभं केलं. त्याने डोळे मिचकावले. मान एकदा डावीकडे कलवली, एकदा उजवीकडे. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ही भिंत कुठल्या गाढवाने बांधली?"

परीक्षा तिथेच संपली. ती चार गुणांनी पास झाली. मोठ्या बाई जाताना आपला चष्मा दुरुस्तीला ठेवून गेल्या, पुढच्या महिन्यात येऊन नेते म्हणाल्या. यंत्र राहिलं. गवंड्याने दुसऱ्या दिवसापासून गावातल्या भिंती तपासायला सुरुवात केली आणि घरोघरी भांडणं लागली, पण ती निस्तरायला मी थांबणार नव्हते.

जायच्या आदल्या दिवशी मी खोलीची किल्ली शिंपिणीला दिली. तिने ती टेपच्या टोकाला बांधून गळ्यात अडकवली.

"उद्या नऊला बसपाशी येईन," ती म्हणाली. "रडायचं नाही, आधीच सांगून ठेवते. मला रडणाऱ्या बायका आवडत नाहीत."

सकाळी पोस्टमावशी दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला, तो त्यांना कळला नाही, त्यांना वाटलं माझं काही पडलं. "काय शोधतेस?" म्हणाल्या. 

"आज काय म्हणणार?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून दोन्ही शब्द निघेनात.

"काहीही म्हण. मी दार लावणार आहे. दोन वर्षं तुझ्यापायी माश्या खाल्ल्या." आणि त्यांनी खरंच माझ्या तोंडावर दार लावलं. कडीचा आवाज झाला. मी मिनिटभर तिथेच उभी होते, पण आतून त्यांची पावलं दारापासून लांब जाताना मला ऐकू आली नाहीत. मग बॅग उचलली आणि निघाले.

बस आरोग्यकेंद्रासमोर उभी होती. बेकरीवालीने सहा पाव दिले, गवंड्याने माझी बॅग वर टाकली आणि बस एका बाजूला कललीय असं ड्रायव्हरला सांगितलं. शिंपीण नव्हती. मी खिडकीपाशी बसले. नऊ वाजले. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा दिला. आरोग्यकेंद्राची ती उत्तरेची खिडकी माझ्या समोरच होती. आत खुर्चीत कुणी म्हातारी बसलेली, तिच्या नाकावर तपासायची जड फ्रेम, आणि तिच्यावर वाकलेली शिंपिणीची पाठ.

मी मान बाहेर काढली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "जाते गं!"

पाठ हलली नाही. हातातलं भिंग फ्रेममध्ये सरकलं. मग आतून, कात्रीसारखा खणखणीत, पण मध्येच किंचित फाटलेला आवाज आला.

"येते!"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. काचेपाशी ओवलेल्या आठ सुया होत्या, त्यांवर उगाच बोट फिरवलं. "शिंपीण येतेय," तो बसमधल्या सगळ्यांना म्हणाला. "थांबू या जरा."

आम्ही थांबलो. तिने म्हातारीला काहीतरी विचारलं, भिंग काढलं, दुसरं घातलं. वळून पाहिलं नाही. मला सगळं धूसर दिसायला लागलं, आणि त्याला माझ्या नंबराचा दोष नव्हता.

"चला हो," मी ड्रायव्हरला म्हणाले. "ती काही येणार नाही."

"अहो, आत्ता येते म्हणाली की."

"हो," मी म्हणाले. "येते म्हणाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या खिडकीकडे पाहिलं, आणि बस चालू केली.